हबीबभाऊ, दुसरं तिकीट सापडलं

हबीबभाऊ, सापडलं. दुसरं सापडलं. तीच रेघ, तीच जागा, तोच तिरपेपणा, आणि घर निराळं. तुमच्या सगळ्या अटी पाळून सापडलं आहे, तेव्हा आता नाक मुरडायला जागा नाही.

तुम्ही गेल्याचा चाळिसावा नुकताच झाला आणि मी ही बातमी घेऊन बसले आहे. दवाखान्यात डॉक्टरांना सांगितलं तर ते "बरं झालं" म्हणाले आणि लगेच उरलेल्या लसींचं विचारू लागले. आईनं विचारलं, त्याचं आता करायचं काय. तिचं बरोबर आहे. या बातमीची किंमत कळणारा माणूस राजुऱ्यात एकच होता आणि तो ती ऐकायला थांबला नाही. माझ्या अंगात तर ऊर्मी मावत नाही. म्हणून म्हटलं, लिहूनच सांगावं, मग वाचा नाहीतर वाचू नका.

तुमच्या दुकानात मी पहिल्यांदा आले ते ओळखपत्राचा फोटो काढायला. नवीनच बदली होऊन आलेली नर्स, डोक्यावरचा पदर सारखा घसरत होता, आणि तुम्ही "हालू नका बाई" म्हणून दोनदा दरडावलंत. फोटो धुऊन होईपर्यंत मी काउंटरच्या काचेखाली पाहत बसले. तिथे लोक बायकापोरांचे फोटो लावतात, तुम्ही मात्र डाकेची तिकिटं लावली होती. सगळी एकसारखी, निजामाच्या डाकेची, हिरवी, आठ पैची. मी विचारलं की एकच तिकीट इतक्यांदा काऊन लावलं. तुम्ही काच उचललीत, दोन तिकिटं माझ्यासमोर ठेवलीत, हातात भिंग दिलंत आणि म्हणालात, "एकच हायेत? पाहा बरं."

मी पाहिलं. आधी काहीच दिसलं नाही. मग एकाच्या उजव्या कोपऱ्यात चौकटीची ओळ तुटलेली दिसली, मुंगीच्या पायाएवढी. दुसऱ्यात ती अखंड होती. मी बोट ठेवलं आणि तुमचा चेहरा असा उजळला की माझी निगेटिव्ह धुण्याच्या पाण्यात जास्त वेळ राहून फोटो पांढराफटक झाला. तो भुतासारखा फोटो माझ्या ओळखपत्रावर अजून आहे. तुम्ही दुसरा काढून देतो म्हणालात आणि दिला नाहीत.

त्या दिवशी तुम्ही सगळं समजावून सांगितलंत, फोटोवाल्याच्या भाषेत. तिकिटं छापायची धातूची प्लेट म्हणजे निगेटिव्ह समजा. एका प्लेटवर कितीतरी तिकिटं ओळीनं कोरलेली असतात. निगेटिव्हवर ओरखडा पडला की त्यातून जेवढे फोटो काढाल तेवढ्यांवर तो ओरखडा येणार. तसंच प्लेटवर एखाद्या जागी चरा पडला, तर त्यानंतर छापलेल्या प्रत्येक कागदावर त्या जागेच्या तिकिटाला तो चरा असणार. पण छापताना मधेच एखादा केस पडला, शाईचा थेंब उडाला, तर ते त्या एकाच तिकिटाचं नशीब. पुढच्या कागदावर केस नसतो. म्हणून चरा की केस, हे एका तिकिटावरून कधीच ठरत नाही. अगदी तसंच दुसरं सापडावं लागतं.

"एकानं काई होत नाई, बाई. दुसरा आणा." हे वाक्य मी तुमच्या तोंडून पहिल्यांदा तेव्हा ऐकलं.

आपल्या या काठाला निजामाचं राज्य होतं आणि नदीपलीकडे चांद्याला, म्हणजे चंद्रपुरात, इंग्रजांचं. त्यामुळे राजुऱ्या-कोरपन्याच्या जुन्या घरांतून निजामाची तिकिटं लावलेली पाकिटं अजून निघतात. तुम्हाला दुकान सोडून फिरता येत नव्हतं. मी मात्र गावोगाव फिरणारी. बाळंतपण, टोचणी, ताप, खरूज, सगळ्यांच्या घरात माझा पाय. काम झालं की चहा घेता घेता मी विचारायची, मागची पत्रं काही आहेत का घरात. लोकांना वाटायचं सरकारनं नवीन काहीतरी काढलं आहे. एका म्हातारबाबांनी तर पत्रांबरोबर रेशनकार्डही आणून दिलं.

आणि मग आठवड्याच्या बाजाराला मी तुमच्या दुकानात. "जयभीम बाई" असं तुम्ही म्हणायचं, "सलाम भाऊ" असं मी म्हणायचं, आणि नमस्कार संपायच्या आत पाकिटं काउंटरवर. आत रजियाभाभी शिवणयंत्र चालवत बसलेल्या. यंत्र थांबलं की समजायचं, आपला आवाज वाढला. आपल्या दोघांना भांडायला एवढासा हिरव्या कागदाचा तुकडा पुरायचा. गावात कुणी काही बोललं असेल तर भाभींच्या त्या यंत्राच्या आवाजानं ते तिथेच विरलं. त्यांचे उपकार मी कधी बोलून दाखवले नाहीत, आता दाखवते आहे.

आपला आल्बम सामाईक होता आणि त्याचा एक रिवाज होता, तुमचाच. एकमत झालेल्या तिकिटाखाली शाईनं लिहायचं. वाद असेल तर पेन्सिलनं. आणि वाद मिटला की शाईनं लिहायचं ते हरलेल्यानं, स्वतःच्या हातानं. जिंकणाऱ्यानं लिहिलं तर ती बढाई, हरणाऱ्यानं लिहिलं तर तो दाखला, असं तुमचं म्हणणं. शिवाय आपल्याच अक्षरातलं माणसाला उद्या नाकारता येत नाही. आल्बम उघडला तर शाईचं अक्षर बहुतेक माझंच दिसतं. तुम्ही किती वेळा जिंकलात ते सांगायला वेगळा साक्षीदार नको.

तेलाच्या डागाची गोष्ट तर तुम्ही येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचात, मग मीही सांगतेच. जंगलाच्या कडेच्या एका घरातून मला पाकिटांचा गठ्ठा मिळाला. घरी येऊन भिंग लावलं आणि मी उडालेच. लागोपाठच्या तिकिटांवर, अगदी त्याच ठिकाणी, मुगाएवढा पिवळट डाग. एक नाही, दोन नाही, गठ्ठाभर. बाजाराच्या दिवसाचीही वाट न पाहता मी मिळेल त्या बसनं तुमच्याकडे आले. आता काय म्हणता, म्हटलं, आता तर दुसरा नाही, सगळी वरातच आणली आहे. तुम्ही भिंग लावलं नाहीत. पाकीट नाकाशी नेलंत, हुंगलंत आणि माझ्यापुढे धरलंत. टोळीच्या तेलाचा वास. मोहाच्या बिया, म्हणजे टोळ्या, गाळून काढलेलं तेल जंगलातल्या घरांत असतंच, त्याचा एक थेंब वरच्या पाकिटावर पडला होता आणि गठ्ठ्यात खालपर्यंत झिरपत गेला होता. तुम्ही हसलात, भाभी हसल्या, तेवढ्यात फोटो काढायला आलेलं एक नवं जोडपं काही न कळता हसलं. मी शाईनं लिहिलं, "टोळीचे तेल." ते पान मी परवाही पाहिलं.

त्या दिवसापासून तुम्ही अट वाढवलीत. दुसरं तिकीट दुसऱ्या घरचं पाहिजे. एका गठ्ठ्यातली जोडी चालणार नाही.

मग आली ती रेघ. कोरपन्याकडच्या एका कास्तकाराच्या घरी मला ते तिकीट मिळालं. डाव्या चौकटीतून निघून, वरच्या नक्षीच्या पाकळीतून तिरपी खाली गेलेली, केसासारखी बारीक हिरवी रेघ. मी म्हटलं, चरा. प्लेटवरचा चरा, दुसरं काही नाही. तुम्ही भिंगातून खूप वेळ पाहिलंत. मला वाटलं आता मान्य करणार. तुम्ही भिंग खाली ठेवलंत आणि म्हणालात, "केस हाये."

इतकी चीड मला पगार अडकल्यावरही आली नव्हती. केस असा सरळ पडतो का? दोन्ही टोकांना सारखा बारीक होतो का? तुम्ही म्हणालात, माह्या दुकानात रोज पडते, या दाखवतो. तुम्ही त्या तिकिटाचा फोटो काढलात, अंधाऱ्या खोलीतल्या यंत्रातून तो ताटाएवढा मोठा केलात, आणि ओला कागद चिमट्याला टांगलात. मी, तुम्ही आणि शिवण टाकून आलेल्या भाभी, तिघंही पाहत राहिलो. तिकिटाची नक्षी केवढी मोठी, केवढी सुंदर दिसत होती. पाकळ्या, वेली, मधली गुंतलेली अक्षरं. आणि त्यात एक नाही, दोन रेघा. एक माझी आणि दुसरी फोटो काढताना तिकिटावर पडलेल्या केसाची. तुम्ही शांतपणे विचारलंत, यातली प्लेटची कोणती ते सांगा. मला सांगता आलं, पण सिद्ध करता आलं नाही. तिकिटाखाली मी पेन्सिलनं लिहिलं, "चरा." त्याच्यापुढे तुम्ही पेन्सिलनं प्रश्नचिन्ह काढलंत. तो ताटाएवढा फोटो तुम्ही दुकानात लावलात. गिऱ्हाइकांना तो कुठल्यातरी मशिदीची जाळी वाटायचा.

नंतर चांद्यातून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला आणि माझी बदली तिकडे आत, जंगलात झाली. निघताना तुम्ही मला घडीचं लहान भिंग दिलंत. माझ्या पिशवीत ते थर्मामीटरशेजारी राहिलं. तिकडे निजामाची तिकिटं मिळण्याचा प्रश्नच नव्हता, तो भाग इंग्रजांचा. तरी दर काही दिवसांनी तुमचं पोस्टकार्ड यायचं. वर माझा पत्ता, खाली तुमची सही आणि मधे एकच शब्द, "दुसरा?" आमच्या उपकेंद्रातल्या शिपायाला वाटायचं, घरचे मला दुसऱ्या मुलाचं विचारतात. माझं लग्नच झालेलं नाही हे त्याला माहीत होतं, तरी त्याला तसं वाटायचं. रानात पाऊस लागला, रस्ते तुटले, औषध संपलं आणि मी रडकुंडीला आले की ते कार्ड काढून पाहायची. कुणीतरी माझ्या रेघेची वाट पाहत आहे, एवढ्यावर मी तिथे निभावलं. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही विषय बदलला असता.

परत राजुऱ्याला आले तेव्हा तुम्ही वाळला होतात. केस पांढरे झाले होते. दोघं बोलत होतो आणि तुम्ही मधेच डावा हात दाबून स्टुलावर बसलात. घाम फुटला होता. मी नाडी पाहिली आणि मला जे कळायचं ते कळलं. म्हटलं, आत्ताच्या आत्ता चांद्याला चला, हृदयाची पट्टी, ईसीजी, काढून घेऊ. तुम्ही पाणी प्यालात, तोंड पुसलंत, आणि तुमचं ते हसू हसलात.

"एकदा दुखलं तं काई होत नाई, बाई. दुसऱ्यांदा दुखू द्या, मंग जाऊ चांद्याले."

मी चिडले. भाभींना सांगितलं, त्याही चिडल्या. मी परत परत आठवण केली. एकदा तर बसचं बघून आले. तुम्ही ऐकलं नाहीत. हबीबभाऊ, माणसाची छाती म्हणजे काय तिकीट आहे? तिथे पहिलंच दुखणं पुरावा असतं. तिथे दुसऱ्याची वाट पाहायची नसते. एवढा बारीक पाहणारा माणूस, एवढी साधी गोष्ट तुम्हाला दिसली नाही, याचा राग माझ्या मनातून जात नाही. जाऊही नये असं वाटतं. दुसऱ्यांदा दुखलं तेव्हा मी एका खेड्यात बाळंतपणाला होते, आणि परत आले तर तुमच्या दुकानाची फळी बंद होती.

चाळिसाव्याला मी आले होते. भाभींनी माझ्या ताटात जास्तच वाढलं. आल्बमचा विषय मी काढला नाही आणि त्यांनीही नाही.

त्यानंतर टोचणीसाठी माणिकगडच्या डोंगरावर जायचं होतं. वर मराठवाड्यातून येऊन वसलेल्या लोकांच्या वाड्या आहेत. दुष्काळात जमीन शोधत आलेली माणसं, गाठोडी घेऊन आली आणि तिथलीच झाली. इतकी वर्षं मी वर गेले नव्हते, तो भाग दुसऱ्या केंद्राकडे होता. जीप चढली, पोरं टोचून झाली, आणि एका म्हातारीच्या घरी चहाला बसले. सवयीनं वर पाहिलं. चुलीच्या वर, आढ्याला तारेचा आकडा, आणि त्यात ओवलेली पत्रं. धुरात टांगलं की वाळवी लागत नाही.

मला एकदम सुचलं, हबीबभाऊ. मराठवाडा म्हणजे निजामच. ही माणसं आपल्याबरोबर पत्रं घेऊन आली असतील तर त्यावर तिकिटं निजामाचीच असणार, आणि ती आपल्या तालुक्यातली नाहीत, थेट दुसऱ्या मुलखातली. आपण दोघं इतकी वर्षं राजुरा-कोरपना चाळत बसलो आणि हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

म्हातारीनं तार काढून दिली. काजळीनं माझे हात काळे झाले. खालून एक एक पाकीट सरकवत गेले. हिरवं आलं, पाहिलं, काही नाही. आणखी हिरवं, काही नाही. मग एक आलं, त्याच्या तिकिटातून ती तार आरपार गेलेली, मधोमध भोक पडलेलं. कुणीही व्यापारी ते कचऱ्यात टाकील. मी उंबऱ्यावर उजेडात गेले, तुमचं भिंग उघडलं आणि डावी चौकट पाहिली.

रेघ होती. चौकटीतून निघून पाकळीतून तिरपी खाली. किंमत शून्य झालेलं तिकीट आणि पुरावा सोळा आणे. बाहेर जीपवाला भोंगा देत होता, लसींचा बर्फ वितळत होता, आणि मी त्या म्हातारीच्या दारात उभी राहून हसत होते आणि रडत होते. म्हातारी घाबरली. तिला वाटलं त्या पाकिटात कुणाच्या मरणाची बातमी आहे. ते आतलं पत्र तिच्या भावाचं होतं. मी पत्र काढून तिच्या हातात दिलं आणि पाकीट मागितलं.

"घे माय," ती म्हणाली, "पाकिटाचं मला काय लोणचं घालायचंय?"

जीपमध्ये मी ते पाकीट छातीशी धरून बसले. डोंगर उतरेपर्यंत माझं तुमच्याशी भांडण चाललं होतं. तुम्ही म्हणाल धुराचा डाग आहे, मी म्हणेन धुराला हिरवा रंग असतो का. तुम्ही म्हणाल तिसरं आणा, मी म्हणेन नियम दोनाचा आहे. तुम्ही हुंगून पाहाल. हुंगा खुशाल. राजुऱ्याचं वळण आलं आणि मी जीपवाल्याला म्हणाले, दवाखान्यात नको, फोटोच्या दुकानाशी थांबव. तो म्हणाला, मॅडम, ते तं बंद राह्यते आता.

दुकान बंद होतं, घर उघडं होतं. भाभी यंत्रावर बसल्या होत्या. मी पाकीट पुढे केलं. त्या उठल्या आणि आल्बम घेऊन आल्या, तुमचं पेनही घेऊन आल्या. आपण दोन्ही तिकिटं शेजारीशेजारी ठेवायचो तशी ठेवली. भाभींनी आजवर कधी भिंगाला हात लावला नव्हता. त्या दिवशी त्यांनी ते मागून घेतलं. बराच वेळ पाहिलं.

"दोनो तो एकसारखेच दिखते, बाई," त्या म्हणाल्या. "इसमें इतना क्या झगडना था?"

हेच, भाभी, हेच ठरवायचं होतं, असं मी म्हणाले. मग आम्ही दोघी त्या आल्बमवर वाकून रडलो. तिकिटांवर पाणी पडू नये म्हणून त्यांनीच तो बाजूला सरकवला, तेवढं भान तुमच्या घरात सगळ्यांना आहे.

नंतर त्यांनी पेनचं टोपण काढून पेन माझ्यापुढे धरलं. तुम्ही लिहा, म्हणाल्या, त्यांच्याऐवजी तुम्ही लिहा, जिंकलात तर तुम्हीच. मी नाही म्हटलं. रिवाज काय आहे ते त्यांना समजावून सांगितलं. या पानावर शाईनं लिहायचं काम हरलेल्याचं आहे. जिंकणाऱ्याच्या हातचं इथे चालत नाही, आणि हा नियम मी केलेला नाही.

भाभींनी टोपण लावलं. पेन मी तुमच्या भिंगाशेजारी ठेवलं. दुसरं तिकीट पहिल्याशेजारी चिकटवलं, भोकासकट. खालचा माझा "चरा" आणि तुमचं प्रश्नचिन्ह, दोन्ही इतक्या वर्षांत पुसट झाली होती. भाभींनी कापडावर खुणा करायचा खडू पुढे केला, तो नको, पेन्सिल द्या म्हटलं. त्यांनी मापाच्या फितीजवळची पेन्सिल दिली. मी आधी माझा शब्द गिरवला. मग तुमचं प्रश्नचिन्हही गिरवलं, जसं तुम्ही काढलं होतं तसंच, खालचा ठिपका जरा लांब.